सूर्य उगवला नाही, तर शाळा किती वाजता?

मराठी शाळांच्या निबंधाच्या वह्यांत वर्षातून एकदा तरी सूर्य उगवत नाही. सहामाहीला उगवला, तर वार्षिकला नक्की दांडी मारतो. त्याखेरीज पाऊस कायमचा रजेवर जातो, आरसे नाहीसे होतात, घड्याळे बंद पडतात, वर्तमानपत्रे निघेनाशी होतात, आणि तेरा-चौदा वर्षांची असंख्य मुले एकाच वेळी देशाचे पंतप्रधान होतात. एवढा उत्पात पुराणातल्या राक्षसांनाही एका तासिकेत जमला नव्हता. आणि इतके होऊनही काही म्हणता काही होत नाही. सूर्य उगवत नाही म्हणून पक्षी किलबिलत नाहीत, कळ्या उमलत नाहीत, दूधवाला येत नाही. मग तेवढ्यात आईची हाक ऐकू येते, लेखक दचकून जागा होतो आणि विश्वाची घडी होती तशी बसते. दहापैकी सात गुण. कल्पनाप्रधान निबंधाला लोक नावे ठेवतात ती विषय चावून चावून चोथा झाले म्हणून. मला ते पटत नाही. विषयांत काही खोट नाही. सूर्य काढून घेतला तर काय, असे विचारण्याची छाती संसदेतही कोणाची होत नाही. घोडे अडते ते पुढे. एवढी मोठी उलथापालथ करायची मुभा मुलाला देताना तिचा हिशेब मात्र आपण मागत नाही. 'कल्पनेला बंधन नसते' हे इतक्यांदा सांगितले जाते, की कल्पना करणे म्हणजे हिशेबातून सूट मिळणे असाच मुलांचा समज होतो. खरे तर एक गोष्ट जागची हलवली की तिच्यापायी आणखी दहा गोष्टी कुठे कुठे सरकतात, हे चिकाटीने पाहत जाणे म्हणजेच कल्पना करणे. गंमतही त्या सरकण्यातच असते.

सूर्याचेच घ्या. तो उगवला नाही म्हणजे नेमके काय झाले, हे निबंधात कधी ठरतच नाही. एक शक्यता अशी, की सूर्य जागेवरून नाहीसाच झाला. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचायला सुमारे आठ मिनिटे वीस सेकंद लागतात. तेव्हा शाळा भरताना तो गेला, तर प्रार्थना, प्रतिज्ञा आणि मुख्याध्यापकांच्या सूचना एवढे सगळे नसलेल्या सूर्याच्या उन्हात पार पडेल. चंद्राचा उजेड उसना, म्हणून पाठोपाठ तोही विझेल आणि कोजागिरीला दूध आटवून काही उपयोग राहणार नाही. दुसरी शक्यता जास्त रंगतदार आहे: सूर्य जागच्या जागी आहे, पण पृथ्वी स्वतःभोवती फिरायची थांबली. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी दीड हजार किलोमीटरहून अधिक वेगाने पूर्वेकडे पळत असते. ती एकदम थांबली तर अख्खी मुंबई घाट ओलांडून पलीकडे जाईल, आणि निबंध लिहायला कोणी उरणार नाही. म्हणून ती हळूहळू थांबली असे धरू. मग इथे न उगवलेला सूर्य असेल कुठे? जूनमध्ये मुंबईत सकाळी सहाला सूर्य वर येतो, त्याच सुमारास न्यू जर्सीत रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात आणि तिथे तो मावळत असतो. म्हणजे आपला सूर्य तिकडच्या क्षितिजावर अडकून बसला. तिथल्या मावशीची संध्याकाळ काही केल्या सरत नाही, इकडे पहाट होत नाही, आणि अंधारात कोणीतरी फोन लावून विचारते, ''मावशी, तुझ्याकडे आहे का गं तो?'' बरे, घड्याळे चालूच आहेत. गजर सहाला झाला. शाळा घड्याळावर भरते, सूर्यावर नाही. तेव्हा सूर्य उगवला नाही हे सुट्टीचे कारण होऊ शकत नाही. अतिवृष्टीला जिल्हाधिकारी सुट्टी देतात, तसा आदेश निघावा लागेल. तो निघण्याआधी त्याचे बनावट पत्र व्हॉट्सॲपवर फिरेल, आणि अर्धी मुले शाळेत व अर्धी घरी, असा तो दिवस, की रात्र, सुरू होईल. यातले काहीही आठवी-नववीच्या भूगोलाच्या बाहेरचे नाही. फक्त भूगोलाच्या तासाला शिकलेले मराठीच्या तासाला वापरायची परवानगी आहे, हे मुलांना कोणी सांगितलेले नसते.

'परीक्षा नसत्या तर' हा निबंध महाराष्ट्राने प्रत्यक्षात लिहून पाहिला आहे. वहीतला निबंध ठरलेल्या वळणाने जातो: पहिल्या परिच्छेदात आनंदीआनंद, दुसऱ्यात मैदान आणि छंद, तिसऱ्यात आळस बोकाळतो, चौथ्यात परीक्षांचे जीवनातील महत्त्व पटते. आता २०२१ पाहा. करोनामुळे दहावीची बोर्डाची परीक्षा रद्द झाली. मैदाने आधीच बंद होती, त्यामुळे दुसरा परिच्छेद बाद. परीक्षा गेली तरी निकाल हवाच, म्हणून शंभरातले पन्नास गुण नववीच्या निकालावरून धरायचे ठरले. नववी हे वर्ष आपल्याकडे 'पुढच्या वर्षी बघू' या भरवशावर काढायचे असते, आणि आता तेच मागून येऊन उभे राहिले. त्यातही या मुलांची नववीची वार्षिक परीक्षा २०२० च्या टाळेबंदीत सापडली होती. म्हणजे न झालेल्या परीक्षेचा निकाल आणखी एका न झालेल्या परीक्षेच्या आधाराने लागायचा होता. तो लागला ९९.९५ टक्के. तो पाहायची संकेतस्थळे त्या दिवशी कोलमडली. पुढे अकरावीचा प्रश्न आला. जवळजवळ सगळेच उत्तीर्ण झाल्यावर कोणत्या महाविद्यालयात कोणाला घ्यायचे? तेव्हा परीक्षा नसल्यामुळे निर्माण झालेली अडचण दूर करण्यासाठी सरकारने एक परीक्षा जाहीर केली. २१ ऑगस्टला प्रवेश परीक्षा ठरली आणि १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तीही रद्द केली. परीक्षा रद्द, म्हणून नवी परीक्षा, ती न्यायालयात रद्द. इतकी वर्षे इतक्या मुलांनी हा विषय लिहिला, पण यातले एक पाऊल कोणाच्या वहीत आले असेल असे वाटत नाही. ते अवघड होते म्हणून नव्हे. परीक्षा गेली तर गुणपत्रिकेचे काय, एवढा एक प्रश्न विचारला असता तर पुढचे सगळे आपोआप उलगडत गेले असते.

तो विचारला जात नाही याला कारण आहे. 'परीक्षा नसत्या तर' हा प्रश्न परीक्षेत विचारतात. जो माणूस परीक्षा नसावी असे लिहील त्याला गुण देणारा माणूस परीक्षेच्या मानधनावर उत्तरपत्रिका तपासत असतो. मुले भाबडी असतात, मूर्ख नसतात. त्यामुळे आपले सगळे कल्पनाप्रधान निबंध शेवटी सनातनी निघतात: जे काही पहिल्या ओळीत काढून घेतले ते शेवटच्या ओळीत सन्मानाने परत ठेवायचे. सूर्य हवाच, पाऊस हवाच, आरसा हवाच, परीक्षा तर हवीच हवी. जगाची तपासणी झाली आणि ते आहे तसे उत्तम असल्याचा दाखला मिळाला. आईची हाक या कामी येते. ती हाक म्हणजे हिशेब अर्धवट टाकून पळायची मागची वाट. गोष्ट अडचणीत येऊ लागली, मावशीकडचा सूर्य इकडे कसा आणायचा हे कळेनासे झाले, की आई हाक मारते. मराठी निबंधातल्या आयांनी जितकी स्वप्ने मोडली आहेत तितकी हिंदी चित्रपटातल्या सावत्र आयांनीही मोडली नसतील. त्यांना बिचाऱ्यांना ठाऊकही नसते. 'मोबाइल नसता तर' या विषयाचीही तीच गत. त्यात मोबाइल गेला की माणसे एकमेकांशी बोलू लागतात, आजोबा गोष्ट सांगतात, ग्रंथालये भरून वाहतात. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सहा तासांच्या आसपास बंद पडले. तेव्हा लोक आजोबांकडे गेले नाहीत. ते ट्विटरवर गेले आणि व्हॉट्सॲप बंद आहे असे एकमेकांना सांगत बसले.

पंतप्रधानांची गोष्ट वेगळी वाटते, कारण तिथे काही काढून घ्यायचे नसते, उलट सत्ताच द्यायची असते. पण हिशेबाची बोंब तिथेही आहे. वहीतला पंतप्रधान पहिल्या दिवशी भ्रष्टाचार नष्ट करतो, दुसऱ्या दिवशी शिक्षण मोफत करतो, नदीजोड करतो, आणि दप्तराचे ओझे कमी करतो. यातले शेवटचे त्याच्या जिव्हाळ्याचे, आणि नेमके तेच त्याच्या एकट्याच्या हातात नसते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपासून शिक्षण समवर्ती सूचीत आहे. केंद्राला आणि राज्यांना दोघांनाही त्यात बोलायचा हक्क आहे, आणि बोलायचा हक्क दोघांना असला म्हणजे काय होते हे कोणत्याही घरात विचारावे. दहावीचे वेळापत्रक पुण्याहून निघते, दिल्लीहून नाही. म्हणजे पंतप्रधान झालेल्या मुलाला उद्याची चाचणी पुढे ढकलता येत नाही. ती ताकद शाळेत एकाच माणसाकडे असते: घंटा देणाऱ्या शिपाईकाकांकडे. 'मी शाळेचा शिपाई झालो तर' हा विषय पंतप्रधानपदाइतका भारदस्त नाही, पण त्यात खरी सत्ता आहे. व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा, हातात लोखंडी गज, आणि मनगटावरचे घड्याळ पाच मिनिटे पुढे. गणिताचा तास पाच मिनिटांनी आटला. मग गणिताच्या बाई ती पाच मिनिटे वसूल करायला पीटीचा अख्खा तास मागून घेणार, पीटीचे सर तो देणार, कारण ते नेहमीच देतात, आणि ज्या मुलांच्या भल्यासाठी घंटा लवकर दिली तीच शिपाईकाकांवर उखडणार. राज्यशास्त्राचा निम्मा अभ्यासक्रम यात येतो. शिवाय मुलाला यातली प्रत्येक गोष्ट ठाऊक आहे. पंतप्रधान सकाळी कार्यालयात गेल्यावर पहिल्यांदा काय करतात हे त्याला ठाऊक नाही, आणि त्याच्या शिक्षकांनाही नाही.

आता आत्मकथनाकडे वळू, कारण कल्पनेची सर्वांत मोठी नासाडी तिथे होते. दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत लेखनकौशल्याच्या एका प्रश्नाला ८ गुण असतात. प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांतले एक लिहायचे. आत्मकथनाला बहुधा मुद्दे सोबत जोडलेले असतात, चौकटीत बसवलेले: जन्म, उपयोग, खंत, संदेश. मग बोलणारे फाटके पुस्तक असो, मोडकी खुर्ची असो, आटलेली नदी असो किंवा पडका किल्ला, सगळ्यांची कहाणी एकच. जन्म थाटात झाला, उमेदीची वर्षे लोकांच्या सेवेत गेली, आता कोणी विचारत नाही, आणि तुम्ही तरुणांनी यातून बोध घ्यावा. मराठी निबंधात एकही वस्तू सुखी नाही. एकही तरुण नाही. सगळ्या निवृत्त आहेत आणि सगळ्यांचे पेन्शन अडले आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला आपण कल्पना करायला सांगतो आणि तो बिचारा ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेत जाऊन बसतो. वस्तू काय बोलेल हे ठरवायचे तर आधी तिला काय दिसते ते पाहायला नको का? वर्गातला बाक घ्या. बाकाने आजवर मुलाचा चेहरा नीट पाहिलेला नाही; त्याला ठाऊक आहेत कोपर, गुडघे आणि मांडीखाली सरकवलेली चिठ्ठी. परीक्षेच्या दिवशी कोणाचे तळहात घामेजतात हे त्याच्याइतके कोणाला कळत नाही. त्याच्या पाठीवर कर्कटकाच्या टोकाने कोरलेली आद्याक्षरे आहेत, त्यातल्या दोघांच्या मधला बाण नंतर कोणीतरी ब्लेडने खरवडला आहे, म्हणजे एक अख्खी प्रेमकथा सुरुवात-शेवटासह त्याला पाठ आहे. खालच्या कप्प्यात डब्यातले शेंगदाण्याच्या चटणीचे तेल मुरले आहे. नववी-ब मधल्या कोणत्या मुलाने उत्तर येत असूनही हात वर केला नाही, हे बाकाला हात उचलण्याआधीच्या हालचालीवरून समजते. हा बाक खंत करील कशाला? त्याला इतके काही माहीत आहे की त्याने खंडणी मागायला हरकत नाही.

न बोलणाऱ्यांना बोलते करणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे, आणि पूर्वी ती चांगल्या कामी लावलेली होती. पंचतंत्रात विष्णुशर्म्याने तीन मठ्ठ राजपुत्रांना शहाणे करायला कोल्हे, कावळे, माकडे आणि मगरी कामाला लावल्या. त्यातला एकही प्राणी 'मी कोल्हा बोलतोय' असे म्हणत आपले बालपण सांगत नाही. तो सिंहाच्या दरबारात कोणाची जागा कशी बळकावायची हे पाहत असतो, कारण कोल्ह्याला त्याचीच काळजी असणार. पैठणला रेड्याने वेद म्हटले अशी कथा आहे. त्याने पखालीच्या ओझ्याबद्दल गाऱ्हाणे घातले नाही. एकनाथांनी भारुडांत जोशी, वासुदेव, गोंधळी, बहिरा, मुका अशी कितीतरी सोंगे घेतली, आणि प्रत्येक सोंग आपापल्या धंद्याच्या बोलीत बोलते. त्यांतून निघणारा अध्यात्माचा अर्थ त्या धंद्याच्या तपशिलातून वर येतो, वरून ओतलेला नसतो. चौकटीत 'संदेश' असे लिहून दिले असते तर बहुधा नाथांचेही भारूड जमले नसते.

हिशेबाने केलेली कल्पना कशी दिसते, याचा उत्तम नमुना मराठीतच आहे. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा म्हणजे 'पानिपत जिंकले असते तर' हा निबंध. हा विषय शाळेत दिला, तर मुले मराठ्यांना थेट विजय देतील आणि दुसऱ्या परिच्छेदात भगवा अटकेपार लावून मोकळी होतील. नारळीकर बदलतात एवढेच: १७६१ च्या त्या लढाईत विश्वासरावांना लागलेली गोळी इथे कानाजवळून निघून जाते. बस्स. बाकीचे सगळे त्या गोळीच्या मागून सरकत येते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा मुंबईत येऊन पडतात जिथे ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार अजून शाबूत आहे, आणि ते ग्रंथालयात बसून इतिहास नेमका कुठे फुटला ते पानापानांतून शोधतात. त्या जगातला मला सर्वांत आवडलेला बदल राजकीय नाहीच. तिथे व्याख्यानाला अध्यक्ष नेमायची प्रथा मोडीत निघाली आहे. पंत रिकामी खुर्ची पाहून सवयीने तीत जाऊन बसतात आणि बोलू लागतात, तर श्रोते त्यांच्यावर टोमॅटो आणि अंडी फेकतात. पानिपत जिंकल्याने महाराष्ट्र अध्यक्षीय भाषणांतून सुटला, हा निष्कर्ष एकाही निबंधाच्या गाइडात मिळणार नाही. नारळीकरांची पहिली विज्ञानकथाही स्पर्धेसाठीच लिहिलेली होती, हे इथे सांगायला हवे, म्हणजे स्पर्धा आणि विषय दिला की कल्पना मरते असे कोणी म्हणू नये. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली, आणि पहिले बक्षीस मिळवले. परीक्षकाला नावावरून गुण देता येऊ नयेत याचीही व्यवस्था त्यांनी आपली आपण केली होती.

छोटा आणि विचित्र प्रश्न मोठ्या आणि भव्य प्रश्नापेक्षा जास्त देतो, हे शिक्षणात कोणी तपासलेच नाही असे नाही. इटलीत जानी रोदारी नावाच्या बालसाहित्यकाराने रेज्जो एमिलिया शहरातल्या शिक्षकांबरोबर केलेल्या कामातून १९७३ मध्ये कल्पनेच्या व्याकरणावर एक पुस्तकच लिहिले. त्याची एक साधी युक्ती म्हणजे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले दोन शब्द, उदाहरणार्थ कुत्रा आणि कपाट, मुलांपुढे ठेवायचे. कपाटातला कुत्रा, कुत्र्याचे कपाट, पाठीवर कपाट घेऊन फिरणारा कुत्रा: प्रत्येक विभक्तीला नवी गोष्ट. त्याचे 'तर'चे प्रश्नही तसेच. मगरीने दार ठोठावून थोडी रोजमेरी मागितली तर? आपल्याकडे मगर कढीपत्ता मागेल, आणि मग खरा प्रश्न असा, की शेजारधर्म मगरीला लागू होतो का, आणि वाटी परत येईल का. आपली स्वतःची समस्यापूर्ती याहून अवघड होती. भोजराजाच्या दरबाराच्या दंतकथेत कवींना अशी एक शेवटची ओळ दिली जाते, जिच्यात 'ठ'च्या ठणठणाटाखेरीज काहीच नाही. अर्थ नाही, मुद्दे नाहीत, चौकट तर नाहीच. कालिदास तिच्याआधी तीन ओळी अशा रचतो, की राजाला स्नान घालणाऱ्या तरुणीच्या हातून सोन्याची घागर निसटते आणि जिन्यावरून गडगडत जाते. तो ठणठणाट त्या घागरीचा. कालिदास आणि भोज यांच्यात काही शतकांचे अंतर आहे, त्यामुळे हा प्रसंग घडला असण्याचा संभव नाही. पण ज्याने तो रचला त्याला प्रश्न कसा काढावा हे आपल्या कोणत्याही पेपर-सेटरपेक्षा चांगले कळत होते.

आता आक्षेप. पहिला तपासणीचा: दहावीला राज्यात पंधरा लाखांच्या आसपास मुले बसतात, गठ्ठे तपासायचे, सगळ्यांना एकच माप लावायचे, तिथे मगर आणि कढीपत्ता कसा चालेल? चालेल, आणि सोपे जाईल. 'भाषा ओघवती आहे का' यापेक्षा 'एका बदलातून निघणारे तीन परिणाम सांगितले आहेत का, आणि ते एकमेकांना धरून आहेत का' हे मोजणे कितीतरी नेमके आहे. उलट आजच्या पद्धतीत तपासनीस एकच निबंध दिवसभर वाचतो आणि अक्षर पाहून गुण देतो. दुसरा आक्षेप खरोखरच वजनदार आहे. ज्या घरात पुस्तक नाही, वर्तमानपत्र येत नाही, आई-वडिलांचे शिक्षण झालेले नाही, तिथल्या मुलाला गाइडातला पाठ केलेला निबंध हाच आधार असतो. तो काढून घेऊन त्याला स्वतःचे लिही म्हणणे हा शहरी चोचला आहे. मला हे मान्य आहे, फक्त यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. त्या मुलाला गाइड का लागते? कारण विषय त्याच्या ओळखीच्या बाहेरचे असतात. त्याला 'मी केलेला विमानप्रवास' लिहायला सांगितल्यावर गाइडावाचून इलाज नाही. पण 'गावात मुक्कामी येणारी एसटी एके दिवशी उलट्या बाजूने आली तर' असे विचारा. कोणाची ऊसतोडीची टोळी कुठे खोळंबेल, दुधाचे कॅन कोणत्या फाट्यावर पडून राहतील, वाहक कोणाकोणाला नावाने हाक मारतो आणि त्या दिवशी कोणाला ओळखणार नाही, हे पुण्यातल्या मुलाला सात जन्मांत सुचणार नाही. पाठांतराचा डाव तिथे पालटतो. गाइडांचे खापरही शेवटी विषयांवरच फुटते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' काढली, ८४ अंक लिहिले आणि दरम्यान सरकारी शाळेतली नोकरीही सोडली. त्यांच्या मासिकाचे नाव आज पाठांतराच्या पुस्तकांवर झळकते हा दैवदुर्विलास आहे, पण तो त्यांच्या वाचकांनी नव्हे, आपल्या विषयांनी ओढवून आणला. आणि गाइडाची मक्तेदारीही आता उरलेली नाही. मोबाइलवरच्या यंत्राला 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत' असे सांगितले की क्षणात जन्म, उपयोग, खंत, संदेश असे सगळे हजर होते, कारण त्याने आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्याच वाचल्या आहेत. नववी-ब च्या बाकावर काय कोरले आहे हे मात्र त्याला तिथे बसणाऱ्यानेच सांगावे लागते.

राहिला तिसरा आक्षेप, संस्काराचा. निबंधातून मुलांना चांगले काही मिळायला हवे, म्हणून शेवटी संदेश हवा, असे पालक म्हणतात, शिक्षक म्हणतात आणि ज्येष्ठ नागरिक संघ तर म्हणतोच. माझी हरकत नाही. संदेश असू द्या, पण तो त्या वस्तूचा असू द्या. पडक्या किल्ल्याला राष्ट्रीय एकात्मतेशी काही देणेघेणे नाही; त्याचे म्हणणे एवढेच, की तटावर आपले आणि तिचे नाव बदामात कोरायचे असेल तर निदान शुद्धलेखन तपासून घ्या. नदीचे म्हणणे, निर्माल्य सोडता ते सोडा, पण प्लॅस्टिकच्या पिशवीसकट सोडू नका, मला गाठ सोडवता येत नाही. आरशाला वाटते की मुरूम आला तर तो हाताने फोडू नये, कारण उडालेले पाणी त्याच्यावर सुकते आणि दोष त्याला मिळतो. आणि वर्गातल्या खुर्चीला देशाच्या तरुण पिढीला उद्देशून जर काही सांगायचेच असेल, तर ते असे, की मागे रेलून दोन पायांवर झुलू नका. पडाल तुम्ही, आणि मोडकी म्हणून आत्मवृत्त लिहितील माझे.